नितीनला न दिसलेला वाघ

माझ्या सासूबाई नर्स होत्या. घाटकोपरला त्यांच्या वस्तीत कुणाच्या अंगात आलं की त्या थर्मामीटर घेऊन जायच्या. ताप निघाला तर गोळी, नाही निघाला तर लिंबू सरबत — आणि लिंबू उरलंच तर ते दाराला टांगायचं नाही, लोणच्यात घालायचं. मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या, बौद्ध घरातल्या. नवस, अंगारा, उतारा हे शब्दसुद्धा त्यांच्या घरात चालत नाहीत. अशा बाईच्या मुलाशी मी लग्न केलं, आणि मी स्वतः मुलुंडला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तेव्हा आमच्याकडे असल्या गोष्टींना किती जागा असेल ते तुम्हीच ठरवा...

वाचकांच्या अनुभवांचं हे सदर मी वाचायचे ते रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, लोळत. प्रत्येक अनुभवाखाली मनातल्या मनात उत्तर लिहायचे. झोप अपुरी. पाणी कमी प्यायलं. काचेतलं प्रतिबिंब. आता आमच्याच घरातला अनुभव लिहायला बसलेय आणि खाली लिहायला उत्तर सापडत नाहीये. कुणाला सापडलं तर खरंच कळवा, मी वाट बघेन.

अनुभव खरं तर माझ्या नवऱ्याचा, नितीनचा. तो लिहिणार नाही. मी लिहू का, विचारलं तर म्हणाला, "लिही, पण मला वाचायला देऊ नकोस."

नितीन लिफ्टच्या मेन्टेनन्सचं काम बघतो. आठवडाभर अंधाऱ्या शाफ्टमध्ये टॉर्च घेऊन उभं राहायचं, म्हणून असेल, पण रविवार उजाडला की हा माणूस कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर. कधी आरे कॉलनी, कधी बोरिवलीचं नॅशनल पार्क. नजर इतकी तेज की वाळक्या पाचोळ्यात बसलेला, पाचोळ्याच्याच रंगाचा रातवा पक्षी त्याला चालता चालता दिसायचा. मी त्याच्या बोटाच्या दिशेने पाच मिनिटं बघत राहायचे, तेव्हा कुठे मला त्या पक्ष्याचा डोळा सापडायचा. त्याच्या डोळ्यांबद्दल हे आधीच सांगून ठेवते.

लग्नापासून त्याच्या डोक्यात एकच ट्रिप होती. स्वतःच्या गाडीने, एका उन्हाळ्यात, एकामागून एक जंगलं. पेंच, मग कान्हा, मग ताडोबा, परतताना मेळघाट. मे महिन्यात विदर्भात जायचं म्हणजे वेडेपणा वाटतो, पण उन्हाळ्यात पाणी आटतं, गवत वाळतं आणि वाघाला पाणवठ्यावर यावंच लागतं. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. शेवटी गेल्या वर्षी सई आठवीतून नववीत जाणार होती — सई आमची मुलगी — आणि नितीन म्हणाला, "पुढच्या वर्षी ती दहावीचे क्लास लावून बसेल. आत्ता नाही तर कधीच नाही."

म्हणून निघालो. मी, नितीन, सई. समृद्धी महामार्गाने नागपूर, एक मुक्काम, तिथून पेंच. कुणीतरी कमेंटमध्ये विचारणारच म्हणून सांगते — वाटेत आम्ही कुठला नारळ ओलांडला नाही, कुठल्या ओसाड देवळापाशी थांबलो नाही. पेट्रोल पंप, टोल, संत्र्याचा ज्यूस, आणि मागच्या सीटवर सईचे पाय. एवढंच.

पेंचला सकाळच्या सफारीत उघड्या जिप्सीत आम्ही तिघं, पुढे ड्रायव्हर आणि एक तरुण गाईड, मुलगीच होती. मोबाईल गेटवर जमा. नितीनकडे त्याचा मोठा कॅमेरा, आणि त्याने सईला स्वतःचा जुना, छोटा डिजिटल कॅमेरा दिला होता. सागाची पानं पार गळलेली, जंगल आरपार दिसत होतं. एका वळणावर गाईडने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी थांबली.

वाघीण पाण्यात बसली होती. पाठीकडचा भाग पाण्यात, तोंड आमच्याकडे. मी आयुष्यात पहिल्यांदा पिंजऱ्याबाहेरचा वाघ बघत होते. तिचा एक कान माश्यांमुळे सारखा हलत होता. सईने माझा दंड धरला होता.

"कुठे?" नितीन कुजबुजला.

गाईड म्हणाली, सर, अर्जुनाच्या झाडाखाली, पाण्यात. नितीनने कॅमेरा तिकडे धरला, खाली घेतला, परत धरला. "झाडाच्या डावीकडे की उजवीकडे?" मी म्हटलं, अरे समोर, खालीच. झाडावर एक वानर खाकरत होतं. ते त्याला दिसलं. मला म्हणाला, "धोक्याचा कॉल देतंय बघ. म्हणजे जवळपासच असणार." आणि वाघीण सरळ त्याच्या नजरेसमोर बसलेली.

मग ती उठली, अंग झाडलं आणि सावकाश झुडपात गेली. नितीन म्हणाला, "पाणी हललं. बघितलंस? तरंग उठले."

मी हसले. मला वाटलं, वैतागून विनोद करतोय.

दुपारी खोलीवर कूलर लावून फोटो बघितले. सईच्या कॅमेऱ्यात वाघीण लहान पण स्वच्छ आली होती, कानासकट. नितीनच्या फोटोत झाड होतं, पाणी होतं, काठावरचा पांढरा दगड होता. एका फोटोत पाण्यावर गोल तरंग होते. वाघीण नव्हती. मी म्हटलं, तू बाजूलाच धरलास रे कॅमेरा. तो दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ बघत होता. झाड तेच, फांदीची बेचकी तीच, दगड तोच. मग लॅपटॉप बंद करून म्हणाला, उन्हाने डोळे दिपले असतील. ते मला पटलं. पटवून घेतलं म्हणा.

कान्हाला मात्र पटवून घ्यायला काही उरलं नाही.

तिथे सालाची उंच झाडं, मध्येच मोठी गवताळ मैदानं, आणि पेंचपेक्षा जरा गारवा. नितीन पहाटेपासून खुशीत होता. बारशिंगे दिसले, गव्यांचा कळप दिसला, त्यानेच आधी दाखवले. मग समोरून दोन जिप्सी रिव्हर्समध्ये आल्या. मागोमाग रस्त्याच्या मधोमध एक नर वाघ. चालत, सरळ आमच्याकडे. आमच्या ड्रायव्हरनेही गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. सगळ्या गाड्यांत लोक उभे होते, कॅमेऱ्यांचा आवाज एकसारखा येत होता. वाघ इतका जवळ होता की चालताना खांद्याची हाडं वर-खाली होताना दिसत होती.

नितीन उभा राहून इकडे-तिकडे बघत होता. सगळ्या बाजूंना. फक्त समोर त्याची नजर कुठे ठरत नव्हती, वाघातून पलीकडे जात होती. दुसऱ्या गाडीतला एक गृहस्थ त्याला म्हणाला, "भाईसाब, सामने!" नितीनने समोर कॅमेरा धरून बटण दाबून धरलं.

वाघ रस्ता सोडून आत गेला. धुळीत पंजाचे ठसे उमटले होते. ते नितीनला दिसले. वाकून बघत तो म्हणाला, "एकदम ताजे आहेत."

गाईड वयस्कर होते. त्यांना वाटलं, साहेब मस्करी करतायत. त्यांनी हसत हसत कॅमेऱ्यातले फोटो दाखवा म्हटलं. नितीनने दाखवले. एक, दुसरा, तिसरा... रिकामा रस्ता. दोन्हीकडे लोक उभे राहून त्या रिकाम्या रस्त्याकडे बोटं दाखवतायत. गाईडने सईचा कॅमेरा मागून घेतला. त्यात वाघ होता. त्यांनी दोन्ही कॅमेरे परत दिले आणि ड्रायव्हरला गाडी गेटकडे घ्यायला सांगितलं. संध्याकाळच्या सफारीला तेच येणार होते. दुसरेच गाईड आले. पहिल्यांची तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं.

त्या दुपारी आमचं भांडण झालं. लग्नानंतरच्या मोठ्या भांडणांत धरावं असं. नितीनचं म्हणणं, आम्ही दोघींनी गाईडला हाताशी धरून त्याची खेचली. सगळ्या गाड्या मिळून? असं मी विचारलं, तर तो म्हणाला, मग माझ्या कार्डमधले फोटो कुणी बदलले? सई कॅमेरा घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने तिच्या फोटोवर बोट ठेवलं. "दाखव. कुठे आहे?"

"बाबा, तुझं बोट त्याच्या तोंडावर आहे."

"इथे रस्ता आहे, सई."

ती रडायला लागली. आणि ती रडली तेव्हा नितीनचा राग उतरला... त्या जागी जे आलं ते मला बघवेना. सई खोटं रडत नाही, हे त्याला माहीत आहे.

मग मी माझ्या परीने प्रयोग केला. सईच्या कॅमेऱ्यात त्याच रस्त्याचे वाघ यायच्या आधीचे फोटोही होते. मी ते वाघाच्या फोटोंमध्ये मिसळले आणि नितीनला एकेक दाखवून विचारत गेले — यात आहे की नाही? तो प्रामाणिकपणे बघत होता, कपाळाला आठ्या घालून. सगळी उत्तरं अंदाजाची. इंटरनेटवरचा कुठल्याही वाघाचा फोटो मात्र त्याला दिसायचा. रिसॉर्टच्या भिंतीवर रंगवलेला वाघ दिसायचा. लहानपणी बोरिवलीच्या पार्कात पिंजऱ्याच्या बसमधून बघितलेला वाघ त्याला नीट आठवत होता. जो समोर जिवंत उभा राहिला, आणि त्याचा जो फोटो निघाला, तेवढाच नाही.

एखादी गोष्ट मेंदू नाकारतो, असं मी वाचलं होतं. तेच त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मान्य. पण मग कॅमेऱ्याला काय झालं?"

मला परत जायचं होतं. नितीनला ताडोबाला जायचं होतं. आता तर गेलंच पाहिजे, म्हणाला. मी अडवायला हवं होतं का, असं बरेच जण विचारतील. मलाही त्या वेळी वाटत होतं की एकदा दिसला की हे सगळं मिटेल.

वाटेत गावागावांत तेंदूपत्त्याची पुडकी उन्हात वाळत घातलेली होती. गाडीत कुणी गाणी लावली नाहीत.

ताडोबाला बांबूचं रान, मधून लाल मातीचा रस्ता. दुपारची सफारी, हवा भट्टीसारखी. नितीन कडेच्या सीटवर होता, मी मध्ये, सई पलीकडे. त्याने कॅमेरा बॅगेतून काढलाच नाही. हाताची घडी घालून बसला होता. एका वळणाला गाईड हळूच म्हणाला, हलू नका, उजवीकडून येतेय. नितीनचीच बाजू.

बांबूतून वाघीण निघाली. तिला गाड्यांची सवय असावी, आमच्याकडे बघितलंही नाही. आमची जिप्सी आणि झुडपं यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस चालेल एवढी पट्टी होती, ती त्याच पट्टीतून चालत आली. गाईडसुद्धा श्वास रोखून होता. आणि त्याच क्षणी नितीनने हात बाहेर काढला. बाहेर रिकामंच आहे, हे स्वतःला दाखवावं तसा, तळवा उघडा ठेवून, सरळ बाहेर.

त्याचा दंड दोन्ही हातांनी धरून मी आत ओढला आणि त्याच्या हातावर अक्षरशः झोपले. वाघीण थांबली. मान वळवून तिने वर बघितलं. माझ्याकडे नाही, नितीनकडे. तो तिच्या डोक्यावरून समोरच्या बांबूकडे बघत होता. तिच्या मिशांवर पाण्याचे थेंब होते, इतकं मला दिसत होतं.

"वास येतोय," नितीन अगदी हळू म्हणाला. "कुणीतरी श्वास घेतंय इथे."

मी त्याच्या हातावरून उठले नाही. मग ती गेली. गाईड आमच्यावर चिडला, त्याचं बरोबरच होतं. नितीनने गेटबाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उलटी केली.

मेळघाट रद्द केलं. परतताना चंद्रपूरच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो. सई गाडीतच झोपली होती. बाकड्यावर आम्ही दोघंच. नितीनने चहा तसाच ठेवला आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "वाघ दिसत नाही त्याचं काही नाही, यार. नाही दिसला तर नाही दिसला, लोक चार-चार वेळा येऊन हात हलवत जातात. पण मला दिसत नाहीये हे तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं ना? तुम्ही नसता तर मी म्हटलं असतं, रस्ता रिकामा आहे. मग आजपर्यंत असं किती काय समोर असेल... आणि सांगायला कुणी नसेल."

मी त्याला म्हटलं, असं काही नसतं.

मुंबईत आल्यावर डोळ्यांचे डॉक्टर झाले, मग मेंदूचे. एमआरआय झाला. सगळं नॉर्मल. मेंदूच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही टेन्शन आहे का? मी त्यांना दोन्ही कॅमेऱ्यांतले फोटो दाखवले. ते म्हणाले, वेळ थोडी मागेपुढे झाली असेल. मी म्हटलं, तेच लोक, त्याच पोझमध्ये उभे आहेत, दोन्हीकडे. त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

सासूबाईंना आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी आधी स्वतः टॉर्चने त्याची बुबुळं तपासली, बोट फिरवून नजर फिरते का बघितलं. मग म्हणाल्या, "तपासण्या करा अजून. पण कुठं धागा-बिगा बांधून आणला तर माझ्या घरात पाय नाही ठेवायचा, सांगून ठेवते." मला तेव्हा त्यांचा फार आधार वाटला. खरं सांगायचं तर त्याआधीच्या आठवड्यात मी भांडुपला अंगात येणाऱ्या एका बाईंच्या दारापर्यंत जाऊन आले होते. चपलांची रांग बघितली आणि परत फिरले.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. नितीन कामावर जात होता, हसत होता, सईला गणित शिकवत होता. कॅमेरा कपाटात. मला वाटलं, जंगल मागे राहिलं तसं हेही राहील.

आमची मुलुंडची बिल्डिंग डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. मागच्या कंपाउंडला लागूनच नॅशनल पार्कची झाडी. बिबट्या येतो, सगळ्यांना माहीत आहे, सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीच्या क्लिप फिरतात. डिसेंबरात अशीच एक क्लिप आली. भिंतीवरून बिबट्या चालत जातोय, खाली कुत्रं भुंकतंय. नाश्ता करताना मी ती बघत होते. नितीन माझ्या खांद्यावरून वाकला आणि म्हणाला, "कुत्रं रिकाम्या भिंतीवर का भुंकतंय?"

मी फोन उलटा ठेवला. म्हणजे आता समोर न आलेला बिबट्याही त्याला दिसत नव्हता. त्याला कळलंच. तो पोहे तसेच टाकून उठला.

त्यानंतर तो मागच्या गेटने येणं टाळायला लागला. पण थोड्याच दिवसांनी पुढचा रस्ता ड्रेनेजच्या कामासाठी खणला, आणि सगळ्यांनाच मागून यावं लागलं. एका संध्याकाळी तो नेहमीसारखा घरी आला, हातपाय धुतले, सईशी बोलला, जेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजात असताना ग्रुपवर क्लिप आली. खाली अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस. नितीनभाऊ, मानलं. काय डेअरिंग आहे. वाघाचं काळीज.

मी स्टाफरूममध्ये उभी राहून बघितली. नितीन बाईक लावून मागच्या पट्टीतून चालत येतोय. पाण्याच्या टाकीच्या आडून बिबट्या बाहेर येतो. नितीन चालत राहतो. मग थांबतो, वाकतो, बुटाची लेस बांधायला लागतो. बिबट्याही थांबतो. त्याच्या पाठीशी. आणि बसतो... आपलं पाळीव जनावर बसतं ना मालकासाठी, तसा बसतो. लेस बांधून होते. नितीन उठून जिन्याकडे येतो, आणि बिबट्या उठून त्याच्या मागे मागे, पार जिन्याच्या पायरीपर्यंत. तिथून वळतो आणि भिंतीवरून निघून जातो.

मी लेक्चर न घेता घरी आले. नितीनला ऑफिसातच कुणीतरी क्लिप पाठवली होती. तो माझ्याआधी घरी पोहोचला होता, सोफ्यावर फोन हातात घेऊन बसला होता. क्लिप परत परत लावत होता. त्यात त्याला तो स्वतः दिसत होता. चालताना, लेस बांधताना.

"किती लांब होता?" त्याने विचारलं.

मी पर्स टेबलावर ठेवली.

"सांग ना."

"हात मागे केला असतास तर लागला असता," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "लेस बांधताना मानेवर गरम वाटलं होतं. मला वाटलं, कुणाच्या तरी एसीचा वारा आहे."

महिन्याभरात आम्ही ते घर भाड्याने दिलं आणि घाटकोपरला सासूबाईंकडे राहायला आलो. लोकांना सांगितलं, आईंचं वय झालंय. जागा लहान आहे, सई हॉलमध्ये अभ्यास करते, मला कॉलेजला जायला उलटा प्रवास पडतो. पण इथे चहूबाजूंनी माणसं आहेत, डोंगर नाही, झाडी नाही. नितीनची झोप सुधारली. एवढ्यासाठी मी काहीही सोसेन.

एक दिवस दुपारी मी कॉलेजातून लवकर आले. सुट्टी होती म्हणून नितीन आतल्या खोलीत झोपला होता. सासूबाई त्याच्या उशाशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं, डोळा लागलाय त्यांचा. पण नाही, त्या बघत होत्या. नितीनकडे नाही. कपाटाच्या बाजूचा कोपरा, मग खिडकीखालची जागा, मग पलंगाचा पायथा, असं एकेक करत सावकाश सगळी खोली बघत होत्या.

"काय बघताय, आई?" मी विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुले बी काही दिसत नाही ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला असा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, नाही. त्यांनी उठून पदराने चष्मा पुसला आणि चहा टाकायला गेल्या.

तर असं आहे. माझ्याकडे दोन कॅमेऱ्यांचे फोटो आहेत, क्लिप आहे, रिपोर्ट आहेत. मी शिकवते त्या विषयात एवढं सगळं हातात असेल तर निष्कर्ष निघतोच. इथे निघत नाही. हे का झालं, त्यालाच का, वाघ आणि बिबट्याच का — आणि ती जनावरं त्याला काही न करता त्याच्याकडे तशी का बघतात — मला माहीत नाही.

नितीन आता बरा आहे. फक्त रोज संध्याकाळी कामावरून आला की दारातच थांबतो. बूट काढत काढत, खाली बघत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारतो, "घरात आपण चौघंच ना?"

मी हो म्हणते. आधी पटकन म्हणायचे. आता हॉल, स्वयंपाकघर, आतली खोली, सगळीकडे एकदा नजर फिरवून म्हणते. आणि म्हणताना मला माहीत असतं की मी त्याला फक्त मला काय दिसतंय तेवढंच सांगतेय.